जिच्यावर फिल्म, तिला ती दाखवली का? सुमित्रा भावे, साफी फाय आणि आपल्या हातातला कॅमेरा

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरखेड्याचं नाव बातम्यांत दोन वेळा येतं. एकदा दिवाळीच्या तोंडावर, फटाक्यांचं गाव म्हणून. दुसऱ्यांदा फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला की. स्फोट झाला की थोड्याच वेळात व्हिडिओ फिरायला लागतात. धूर, पळापळ, आरडाओरडा, कुणाचा तरी आक्रोश. आपण ते बघतो, 'वाईट झालं' म्हणतो आणि पुढच्या रीलवर जातो.

पण व्हिडिओत रडणारी ती बाई कोण होती? तिला विचारून शूटिंग झालं होतं का? तिने स्वतः तो व्हिडिओ पाहिला का? आणि स्फोट नसतो त्या उरलेल्या दिवसांत तिचं आयुष्य कसं असतं, हे कुणी कधी टिपलं का?

मोबाईल आल्यावर हे प्रश्न जास्त टोचायला लागले, पण ते जुनेच आहेत. सुमारे ४० वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका समाजशास्त्राच्या अभ्यासक बाईंना साधारण असाच प्रश्न पडला आणि त्यातून त्या सिनेमाकडे वळल्या. त्यांचं नाव सुमित्रा भावे. त्यांच्याही आधी, हजारो किलोमीटर दूर पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल देशात, त्यांच्याच वयाची एक शिक्षिका याच वाटेने निघाली होती. तिचं नाव साफी फाय.

दोघींचा जन्म १९४३ सालचा. दोघी एकमेकींना कधी भेटल्याची नोंद नाही. तरी दोघींचं काम शेजारी ठेवून पाहिलं की एक गोष्ट स्पष्ट दिसते, आणि ती आज हातात कॅमेरा असलेल्या प्रत्येकाच्या कामाची आहे.

सुमित्रा भावे सिनेमाकडे कशा आल्या?

'कासव', 'अस्तु', 'देवराई', 'दहावी फ', 'वास्तुपुरुष' या सिनेमांमुळे अनेकांना त्यांचं नाव माहीत असतं. पण त्या कुठल्याही फिल्म स्कूलमध्ये शिकल्या नव्हत्या.

जन्म १२ जानेवारी १९४३, पुणे. फर्ग्युसन कॉलेजात शिक्षण, नंतर राज्यशास्त्र आणि समाजशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण, मग मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजकार्याचं शिक्षण. पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी बरीच वर्षं शिकवलं. दिल्लीत आकाशवाणीवर मराठी बातम्याही वाचल्या. म्हणजे चाळिशीपर्यंत त्यांची ओळख शिक्षिका, समाजकार्यकर्ती आणि संशोधक अशी होती.

पुढे 'स्त्रीवाणी' या पुण्यातल्या प्रकल्पात त्या स्त्रियांच्या आयुष्याचा अभ्यास करत होत्या. झोपडपट्टीत राहणाऱ्या, कष्टाची कामं करणाऱ्या बायका स्वतःकडे कशा बघतात, हा विषय. त्या आपली गोष्ट आपल्या तोंडाने सांगत आणि ऐकणारी ती लिहून घेई. आठ दलित स्त्रियांच्या अशा कहाण्यांचं पुस्तक १९८८ मध्ये इंग्रजीत निघालं, 'पॅन ऑन फायर' या नावाने. त्याचा इंग्रजी अनुवाद गौरी देशपांडे यांनी केला.

अडचण इथेच होती. ज्यांनी मन मोकळं करून सांगितलं, त्यांतल्या कित्येकींना वाचता येत नव्हतं. त्यांच्याच आयुष्यावरचा अहवाल इंग्रजीत छापला जाणार, विद्यापीठात वाचला जाणार, परिषदेत त्यावर चर्चा होणार. आणि जिची गोष्ट आहे तिच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचणार नाही. माहिती घेतली तिच्याकडून, फायदा मात्र दुसऱ्यांना.

मग ही गोष्ट तिच्यापर्यंत परत न्यायची कशी? भावे यांना उत्तर सापडलं ते सिनेमात. सिनेमा बघायला अक्षरओळख लागत नाही. चाळीस जणी एकत्र बसून बघू शकतात, मध्येच बोलू शकतात, 'हे असंच असतं' किंवा 'हे असं नसतं' म्हणू शकतात.

यातून १९८५ मध्ये 'बाई' हा त्यांचा पहिला लघुपट आला. झोपडपट्टीत राहून सगळं घर ओढणाऱ्या बाईची ती गोष्ट. कॅमेऱ्याचा काहीही अनुभव नसलेल्या दिग्दर्शिकेच्या या पहिल्याच कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८७ च्या 'पाणी' या दुसऱ्या लघुपटालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात पाण्यासाठी एकत्र येणाऱ्या गावातल्या बायका आहेत. डोक्यावर हंडा घेऊन दोन-तीन किलोमीटर चाललेल्या मराठवाड्यातल्या कुठल्याही बाईला हा विषय समजावून सांगावा लागत नाही.

'बाई' हा माहितीपट आहे का?

इथे थोडं थांबायला हवं, कारण या शब्दांची बरीच सरमिसळ होते.

माहितीपट, म्हणजे डॉक्युमेंटरी: खरी माणसं, खऱ्या जागा, घडलेल्या किंवा घडत असलेल्या गोष्टी. कुणी दुसऱ्याची भूमिका करत नाही.

कथापट: लिहिलेली गोष्ट, कलाकार, संवाद. आपण ज्याला सरसकट 'पिक्चर' म्हणतो तो.

लघुपट: हा शब्द लांबीबद्दल आहे. छोटी फिल्म, मग ती माहितीपट असो की कथा.

या तिन्हींच्या मधे आणखी एक जागा आहे. प्रसंग खरे, संशोधनातून आलेले, पण ते कॅमेऱ्यासमोर पुन्हा उभे केलेले. भावे यांचे सुरुवातीचे लघुपट या मधल्या जागेतले आहेत. गोष्ट लिहिलेली आहे, पण तिच्या मागे बायकांनी स्वतः सांगितलेले अनुभव आहेत.

असं का करायचं? यामागे एक साधं कारण दिसतं. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याबद्दल एखादी बाई संशोधकाला एकटीत सांगेल. तेच तिने कॅमेऱ्यासमोर सांगितलं आणि वस्तीत सगळ्यांनी पाहिलं, तर त्या रात्री घरी तिचं काय होईल? अशा वेळी तिचं तोंड दाखवण्यापेक्षा तिचा अनुभव एखाद्या पात्राच्या तोंडी देणं जास्त सुरक्षित असतं. खरेपणा टिकवायचा आणि माणसालाही जपायचं, ही कसरत प्रत्येक माहितीपट करणाऱ्याला करावी लागते.

तिकडे सेनेगलमध्ये काय चाललं होतं?

साफी फाय यांचा जन्म नोव्हेंबर १९४३ चा, राजधानी डकारमधला. त्या सेरेर समाजाच्या. कुटुंबाचं मूळ गाव फादजाल, डकारच्या दक्षिणेला. त्या शिक्षिका झाल्या आणि डकारमध्ये शिकवू लागल्या.

१९६६ मध्ये डकारला जगभरच्या कृष्णवर्णीय कलांचा मोठा महोत्सव भरला. तिथे त्यांची भेट फ्रेंच माहितीपटकार जाँ रूश यांच्याशी झाली. रूश हे आफ्रिकेतल्या समाजांवर फिल्म करणारे मानववंशशास्त्रज्ञ. त्यांनी साफी यांना आपल्या एका फिल्ममध्ये भूमिका दिली. पुढे साफी पॅरिसला गेल्या, मानववंशशास्त्र शिकल्या, सोबत सिनेमाचं तंत्रही शिकल्या. १९७९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

तोपर्यंत आफ्रिकेवरच्या माहितीपटांत कॅमेरा बहुतेक वेळा बाहेरच्याच्या हातात असे. गोरा माणूस यायचा, शूट करायचा आणि निघून जायचा. गावकरी फक्त दिसायचे. साफी फाय यांनी ही दिशा उलटवली. त्या शिकल्या पॅरिसला, पण कॅमेरा घेऊन गेल्या आपल्याच माणसांत.

१९७५ मध्ये त्यांनी 'काद्दू बेयकात' केला. नावाचा अर्थ साधारण 'शेतकऱ्याचा आवाज'. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या स्त्रीने केलेला आणि व्यावसायिकरीत्या वितरित झालेला हा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा मानला जातो. अगदी थोड्या पैशांत, कृष्णधवल, आणि काम करणारे सगळे गावकरी. सबंध फिल्म एका पत्रासारखी आहे. गावाकडची लेक आपल्या गावाबद्दल कळवते आहे, अशी.

गोष्ट ओळखीची वाटेल. न्गोर नावाच्या तरुणाला कुंबाशी लग्न करायचं आहे. पण पाऊस दगा देतो, भुईमुगाचं पीक हातचं जातं आणि लग्नासाठी द्यायचे पैसे जमत नाहीत. तो कामासाठी डकारला जातो. तिथे त्याची पिळवणूक होते. तो परत येतो आणि गावाला आपला अनुभव सांगतो. मधेमधे गावातले कर्ते पुरुष झाडाखाली बसून बोलतात: एकाच पिकावर सगळा भार का टाकला, भाव कोण ठरवतं, कर्ज कसं फिटायचं.

भुईमुगाच्या जागी सोयाबीन ठेवा, डकारच्या जागी पुणे किंवा साखर कारखान्याचा फड ठेवा. झाडाखालच्या त्या गप्पा आपल्या पारावरच्या वाटतील.

या टीकेमुळे सेनेगलमध्ये फिल्मवर सुरुवातीला बंदी आली. बाहेर मात्र ती गाजली आणि बर्लिनच्या महोत्सवात तिला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला.

१९७९ च्या 'फादजाल'मध्ये म्हातारी माणसं मुलांना गावाचा इतिहास तोंडी सांगतात. सोबत जमिनीचा वाद येतो. पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन नव्या कायद्याने सरकारची झाली, मग आमचं काय, हा गावाचा प्रश्न. पुढे 'सेल्बे' या माहितीपटात त्यांनी एका बाईचा दिवस टिपला. नवरा कामासाठी शहरात गेलेला, पदरात पोरं आणि घर चालवायची सगळी जबाबदारी तिच्यावर. धनी बाहेरगावी आणि मागे रानातलं, घरातलं, म्हाताऱ्यांचं सगळं बाईच्या गळ्यात, हे चित्र आपल्याकडे कुणाला नवं आहे?

साफी फाय यांचं २०२३ मध्ये पॅरिसला निधन झालं.

दोघींच्या कामात सारखं काय?

एक, दोघी आधी ऐकायला शिकल्या. एकीकडे समाजकार्य, दुसरीकडे मानववंशशास्त्र. दोन्हींत पहिली सवय लागते ती समोरच्याचं पूर्ण ऐकून घेण्याची.

दोन, दोघींनी दुःखाचं प्रदर्शन मांडलं नाही. त्यांच्या फिल्ममधली बाई किंवा शेतकरी नुसता रडत नाही. तो विचार करतो, चिडतो, हिशेब मांडतो, मार्ग काढतो.

तीन, दोघींसाठी पहिला प्रेक्षक होता तो फिल्ममधलाच माणूस. महोत्सव आणि पुरस्कार त्यानंतर.

फरकही आहे. साफी फाय आपल्याच समाजाकडे परत गेल्या. भावे मात्र मध्यमवर्गीय, शहरी घरातल्या होत्या आणि वस्तीतल्या बाईच्या तुलनेत बाहेरच्याच. म्हणून त्यांच्यापुढचा प्रश्न जास्त अवघड होता. दुसऱ्याची गोष्ट आपण सांगायची का, आणि सांगायची तर कशी? वर्षानुवर्षं ऐकायचं, मग लिहायचं आणि झालेलं परत नेऊन दाखवायचं, हा त्यांनी निवडलेला रस्ता.

आणि कॅमेरा थेट त्या बाईच्याच हातात दिला तर?

हेही झालेलं आहे, आणि धाराशिवपासून फार लांब नाही. सोलापूर-हैदराबाद महामार्गाने नळदुर्ग, उमरगा ओलांडून कर्नाटकातून पुढे गेलं की तेलंगणात झहीराबाद लागतं. त्याच्याजवळच्या पस्तापूर गावी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था १९८० च्या दशकापासून काम करते. ज्वारी-बाजरीसारखी कोरडवाहू पिकं घेणाऱ्या गरीब, बहुतांश दलित बायकांचे तिथे संघ आहेत.

यातल्या काही जणी व्हिडिओ कॅमेरा चालवायला आणि एडिटिंग करायला शिकल्या. कित्येकींनी शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. त्यांनी 'कम्युनिटी मीडिया ट्रस्ट' या नावाने फिल्म केल्या. वरंगलमधल्या बीटी कापूस लावलेल्या शेतकऱ्यांवर त्यांनी २००३ मध्ये केलेली फिल्म बरीच गाजली. पेरणीपासून वेचणीपर्यंत त्याच शेतकऱ्यांकडे पुन्हा पुन्हा जाऊन त्यांनी ती केली. एका दिवसात येऊन 'बाईट' घेऊन जाणाऱ्याला हे जमणार नाही. रानात कधी काय विचारायचं हे शेतकरीण असल्याशिवाय सुचत नाही.

याच परिसरातून २००८ मध्ये 'संघम रेडिओ' सुरू झाला. तोही गावच्या बायकाच चालवतात.

मोठ्या पडद्यावर गेल्यावर भावे बदलल्या का?

१९९५ मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'दोघी' हा कथापट केला. लग्नाच्या दिवशीच घरावर संकट कोसळतं. थोरल्या गौरीला कामासाठी मुंबईला पाठवलं जातं आणि तिथे ती देहविक्रीत ढकलली जाते. तिच्या पैशांवर घर चालतं, पण घराला आणि गावाला ती नकोशी होते. धाकटी कृष्णा मात्र बहिणीला विसरत नाही. 'दोघी'ला सामाजिक विषयावरचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पुढचे विषय बघा. 'दहावी फ' म्हणजे शाळेने 'ढ' ठरवलेली मुलं. 'देवराई' म्हणजे स्किझोफ्रेनिया आणि त्या माणसाचं घर. 'नितळ' म्हणजे अंगावर कोड असलेली मुलगी. 'एक कप च्या' म्हणजे अवाच्या सव्वा वीजबिल आलेला बस कंडक्टर आणि माहितीचा अधिकार. 'अस्तु' म्हणजे स्मृती गेलेले विद्वान वडील. यातला प्रत्येक विषय एखाद्या अहवालाचा किंवा माहितीपटाचा होऊ शकला असता. त्यांनी त्याची घरातली गोष्ट केली.

लघुपटही थांबले नाहीत. दोघांनी मिळून पन्नासच्या वर लघुपट केले. भावे स्वतः पटकथा लिहीत आणि अनेकदा कलादिग्दर्शन आणि वेशभूषाही बघत. पात्राच्या घरात कोणतं भांडं असेल, साडी किती विटलेली असेल, हे ठरवणं हाही त्यांच्यासाठी अभ्यासाचाच भाग होता.

नैराश्यावरच्या 'कासव'ला २०१६ सालचा सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, म्हणजे सुवर्णकमळ, मिळाला. 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ' आणि 'कोर्ट' यांच्यानंतर हा मान मिळवणारा तो पाचवा मराठी सिनेमा. तेव्हा भावे ७४ वर्षांच्या होत्या.

१९ एप्रिल २०२१ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. मुलगा गमावलेल्या वारकऱ्यावरचा 'दिठी' हा सिनेमा त्यानंतर महिनाभराने ओटीटीवर आला.

इतकं सगळं असून या फिल्म दिसत का नाहीत?

कारण फिल्म करणं हे अर्धंच काम आहे. ती लोकांपर्यंत नेणं हे दुसरं अर्धं, आणि तिथे पैसा लागतो.

पुरस्कार मिळाला म्हणून थिएटर मिळतं असं नाही. 'अस्तु' लोकांपुढे आणण्यासाठी लोकवर्गणीचा आधार घ्यावा लागला. साफी फाय यांचा 'मोसान' हा सिनेमा निर्मात्याशी झालेल्या वादात कित्येक वर्षं अडकला आणि १९९६ मध्ये बाहेर आला. माहितीपटांची अवस्था याहून कठीण. त्यांना तिकीटबारी जवळपास नाहीच. संस्था, महोत्सव, कॉलेजं आणि फिल्म सोसायट्या यांच्या जोरावर ते फिरतात.

हातात मोबाईल आहे, मग आपण काय करायचं?

आज फिल्म करायला एकेकाळी लागायचे ते महागडे कॅमेरे आणि फिल्मची रिळं लागत नाहीत. तेरखेड्यातल्या एखाद्या मुलीने ठरवलं तर आपल्या गावातल्या बायकांचा दिवस ती स्वतः टिपू शकते: सकाळी घरातून निघण्यापासून, दिवसभराच्या कामातून, संध्याकाळी मजुरीचा हिशेब होईपर्यंत. मात्र कारखान्याच्या आत मोबाईल नेऊन शूटिंग करायला जाऊ नये. तिथे दारू भरलेली असते आणि एक ठिणगीही जिवावर बेतू शकते. माणूस घरी, ओट्यावर, निवांत बसला की जास्त बोलतो, हा तर संशोधकांचा जुनाच अनुभव आहे.

भावे आणि फाय यांच्या कामातून निघणारे काही साधे नियम असे:

– आधी मोबाईल खिशात ठेवून ऐका. पहिल्याच भेटीत शूटिंग नको.

– विचारा, आणि व्हिडिओ कुठे जाणार तेही सांगा. 'घेऊ का?' एवढं पुरेसं नाही. 'हे इन्स्टाग्रामवर जाईल, तुमचे मालक आणि पाव्हणेही बघू शकतील' हे सांगितल्यावर मिळालेला होकार खरा.

– 'नाही' म्हणायला वाव ठेवा. आज हो म्हटलेला माणूस उद्या नको म्हणू शकतो. त्याचं ऐका.

– चेहरा दाखवल्याने कुणाची मजुरी जाणार असेल किंवा घरात मार बसणार असेल तर चेहरा दाखवू नका. नुसते हात आणि आवाजही पुष्कळ सांगतात.

– दुःखाच्या क्षणी कॅमेरा खाली ठेवा. नंतर जा, तेव्हा ती काय सांगते ते बघा.

– टाकण्याआधी तिला दाखवा. तिने 'हे काढ' म्हटलं तर काढा.

या शेवटच्या नियमासाठीच भावे यांनी चाळिशीनंतर नवीन माध्यम शिकायची खटपट केली. तेव्हा त्यासाठी प्रोजेक्टर, पडदा आणि फिल्मचं रीळ उचलून न्यावं लागायचं. आता शेजारी बसून मोबाईल पुढे धरला की झालं. दोन मिनिटांचं काम आहे. ते केलं की समोरची व्यक्ती आपल्या व्हिडिओचा नुसता विषय राहत नाही. आपली गोष्ट कशी सांगितली जावी, यात तिचंही मत धरलं जातं.